निळ्याची किंमत : तैलचित्रातील रंग, द्रव्य आणि मूल्य

१

मराठी सौंदर्यविचारात चित्रकलेचा निर्देश येतो तेव्हा 'रंग' हा शब्द बहुधा एका संवेदनेचे नाव म्हणून येतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात ललितकलांची जी व्यवस्था लावली, तिच्यात ध्वनी हे जसे संगीताचे, तसे रंग आणि रेषा हे चित्राचे माध्यम ठरते. या माध्यमातील संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी नियंत्रित झालेली लयबद्ध रचना म्हणजे सौंदर्य, अशी ही भूमिका आहे. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांच्या आधारे सौंदर्यविचाराचा जो पट मांडला, त्यामुळे मर्ढेकरांची भूमिका कोठे बसते हे अधिक स्पष्ट झाले. परंतु या दोन्ही ध्रुवांवरील विचारवंतांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. निळा रंग हा प्रथम 'निळेपणाचा' प्रत्यय असतो. त्याला लौकिक अर्थ चिकटत असतील तर ते नंतर चिकटतात, हे ते गृहीतक होय.

चित्रकलेचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. युरोपीय चित्रात निळा हा आरंभी एक द्रव्य होता. त्याला वजन होते, प्रत होती, दर होता आणि तो दर करारपत्रात लिहिला जात असे. 'रंग' म्हणजे निव्वळ दृश्य संवेदन हा अनुभव त्यानंतर सुमारे चार शतकांच्या व्यवहारातून घडत गेला, आणि त्या घडणीत तैलमाध्यमाचा वाटा निर्णायक होता. प्रस्तुत निबंधात हा प्रवास एकाच रंगद्रव्याच्या, म्हणजे अल्ट्रामरीनच्या आधारे तपासावयाचा आहे. प्रश्न चित्रकलेचा असला तरी त्याचे उत्तर साहित्यविचारालाही लागू पडते. माध्यमाची 'शुद्धता' ही माध्यमाच्या स्वभावातच असते की ती इतिहासाने मिळवून दिलेली असते, हा वाद दोन्हीकडे सारखाच आहे.

२

अल्ट्रामरीन या नावाचा अर्थ 'समुद्रापलीकडचा' असा आहे. संस्कृतात ज्याला राजावर्त आणि फारसीत लाजवर्द म्हणतात त्या खड्यापासून हा रंग निघे. मध्ययुगीन युरोपला हा खडा मुख्यतः ईशान्य अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून, कोकचा नदीच्या खोऱ्यातील सर-इ-संग येथील खाणींतून मिळे, आणि तो बव्हंशी व्हेनिसच्या बंदरात उतरे. परंतु खडा कुटून भागत नसे, कारण कुटलेल्या भुकटीत पांढऱ्या व करड्या खनिजांची भेसळ असल्याने ती राखाडी दिसे. चेन्नीनो चेन्नीनी याने १४००च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत शुद्धीकरणाची रीत सविस्तर दिली आहे. भुकटी राळ, डिंक आणि मेण यांच्या गोळ्यात मळायची, गोळा काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात तो दाबत राहायचे. निळे कण पाण्यात उतरतात आणि अशुद्धे गोळ्यातच अडकून राहतात. पहिल्या उताराचा रंग सर्वोत्तम. पुढचा प्रत्येक उतार फिकट आणि स्वस्त. म्हणजे एकाच खड्यातून किमतीची एक उतरंड निघत असे.

ही उतरंड चित्रात कशी उतरे याचे उत्तम उदाहरण मायकेल बॅक्सँडल यांच्या १९७२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाने अभ्यासकांपुढे आणले. घेरार्दो स्तार्निना याने एंपोली येथील चर्चमधील भित्तिचित्रांसाठी १४०८ साली केलेल्या करारात मेरीसाठी वापरावयाचा निळा औंसाला दोन फ्लोरिन दराचा असावा आणि उरलेल्या चित्रासाठी एक फ्लोरिन दराचा चालेल, अशी तरतूद होती. येथे निळ्याच्या दोन प्रती म्हणजे पावित्र्याच्या दोन पायऱ्या आहेत. चित्र पाहणाऱ्या भाविकाला मेरीचे स्थान तिच्या आकृतीवरून आणि जागेवरून जसे कळे, तसेच तिच्या वस्त्राच्या द्रव्यावरूनही कळणे अपेक्षित होते. दोमेनिको गिर्लांदायो याने फ्लॉरेन्समधील अनाथ बालकांच्या इस्पितळासाठी १४८५ साली जो करार केला त्यातही निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा अल्ट्रामरीनच असावा असे नमूद आहे. संपूर्ण चित्राचा मोबदला ११५ फ्लोरिन होता आणि रंगाचा खर्च चित्रकारानेच सोसावयाचा होता. म्हणजे एका औंसाची किंमत एकूण रकमेच्या सुमारे २९व्या हिश्शाइतकी होती.

या काळात द्रव्याबरोबर हाताचीही किंमत केली जाऊ लागली होती, हे बॅक्सँडल यांचे पुढचे प्रतिपादन आहे. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याच्याशी १४४५ साली झालेल्या करारात कुंचला दुसऱ्या कोणीही हाती धरू नये अशी अट आहे. लुका सिन्योरेल्ली याच्या १४९९ सालच्या ओर्व्हिएतो येथील करारात आकृत्यांचे चेहरे आणि कमरेवरचा भाग त्याने स्वतः रंगवावा असे ठरले आहे. लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने तर १४३५ सालीच असे बजावले होते की, चित्रात खऱ्या सोन्याचा वर्ख लावण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याची चकाकी साधण्यात चित्रकाराची प्रशंसा अधिक आहे. या पुराव्यांवरून इतिहास सरळ एका दिशेने गेला, म्हणजे द्रव्याचे मूल्य संपले आणि कौशल्याचे मूल्य आले, असे सांगण्याचा मोह होतो. पण पिएरोच्या ज्या करारात परक्या हाताला मनाई आहे, त्याच करारात उत्तम सोने आणि उत्तम अल्ट्रामरीन यांचीही मागणी आहे. दोन मूल्ये एकाच कागदावर शेजारी नांदत होती. त्यांचा संबंध बदलला तो माध्यम बदलल्यावर.

३

वर ज्यांच्या करारांतील निळ्याचा उल्लेख केला त्या स्तार्निना आणि गिर्लांदायो यांची ती चित्रे तैलचित्रे नव्हेत. पहिली भिंतीवरची, दुसरे लाकडी फलकावर टेंपेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत केलेले. टेंपेरातील रंग लवकर वाळतो. तो लहान लहान फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी लावावा लागतो आणि त्यात द्रव्याचा मूळ वर्ण बराचसा टिकून राहतो. अशा चित्रात महाग निळा हा महाग निळा म्हणूनच डोळ्यांस दिसतो.

तेलात तसे होत नाही. अल्ट्रामरीनचा आणि जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक एकमेकांच्या फार जवळ आहे. त्यामुळे तेलात कालवलेला अल्ट्रामरीन पारदर्शक होतो आणि जाड लावल्यास जवळजवळ काळा दिसतो. त्यातला निळेपणा बाहेर काढण्यासाठी सफेता मिसळावा लागतो किंवा फिकट थरावर त्याचा पातळ लेप द्यावा लागतो. तैलचित्रकार म्हणूनच थरांनी विचार करू लागला. पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकारांनी, विशेषतः यान व्हॅन आइक याने, या गुणाचा उपयोग करून रंगाला अशी खोली दिली की प्रकाश चित्राच्या आतून येतो आहे असे वाटावे. थरांचा आर्थिक उपयोगही लवकरच लक्षात आला. तांब्यापासून बनलेल्या ॲझुराइट या स्वस्त निळ्या खनिजाचा जाड थर खाली आणि वर अल्ट्रामरीनचा पातळ लेप, ही पद्धत रूढ झाली. पैसा वर, काटकसर खाली अशी ही वाटणी होती.

थर आला आणि किमतीचा एक नवा प्रश्न उभा राहिला. वर दिसणाऱ्या निळ्याखाली काय आहे, ते किती वेळा लावले आहे, त्यात किती श्रम गेले आहेत, हे ग्राहकाला पाहून कळत नाही. मग ते त्याला सांगावे लागते. आल्ब्रेख्त ड्यूररने फ्रँकफुर्टचा धनिक व्यापारी याकोप हेलर याला १५०८-०९ या काळात लिहिलेली पत्रे या दृष्टीने फार बोलकी आहेत. मेरीच्या स्वर्गारोहणाच्या एका वेदिचित्राचा मोबदला आरंभी १३० फ्लोरिन ठरला होता. ड्यूररने काम वाढत गेले, उत्तम रंग वापरले, असे सांगत तो वाढवून मागितला आणि अखेर २०० पदरात पाडून घेतले. चित्र पूर्ण झाल्यावरच्या पत्रात तो आवर्जून कळवतो की चांगला अल्ट्रामरीन खाली, वर आणि पुन्हा त्यावर असा पाच-सहा वेळा चढवला आहे, आणि नीट राखल्यास चित्र ५०० वर्षे ताजे राहील. (ते चित्र १७२९ साली म्युनिकच्या राजवाड्यातील आगीत जळाले, आज त्याची प्रतिकृती तेवढी उरली आहे.)

या पत्रव्यवहारात करारपत्रातील निळा आणि चित्रातील निळा यांची फारकत प्रथमच इतकी स्पष्ट होते. करारात किंमत औंसात मोजली जात असे आणि ती चित्रावर दिसत असे. ड्यूररच्या पत्रात किंमत थरांत दडलेली आहे. ती आता दृष्टीला प्रतीत होत नाही, तिला निवेदनाची गरज आहे. तैलमाध्यमाने रंगाची किंमत पृष्ठभागावरून खाली नेली आणि त्याच वेळी ती भाषेत आणली. चित्राविषयी बोलण्याची, त्याचे मूल्य शब्दांनी सिद्ध करण्याची जी प्रथा पुढे कलासमीक्षा म्हणून स्थिरावली, तिची एक मुळी या पत्रांत सापडते.

४

सोळाव्या शतकात ही भाषा सिद्धान्ताच्या पातळीवर गेली. व्हेनिसमध्ये रंग विकणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा निर्माण झाला होता. अन्यत्र रंग औषधविक्रेत्यांकडून घ्यावे लागत. सर्वोत्तम द्रव्ये सहज मिळणाऱ्या या शहरातील चित्रकार रंगासाठी विख्यात झाले यात नवल नाही. टिशियनच्या 'बॅकस आणि ॲरिॲड्नी' (१५२०-२३) या तैलचित्रातील आकाश व वस्त्रे अल्ट्रामरीनने उजळलेली आहेत. तथापि याच शहराचा कैवारी लोदोव्हीको दोल्चे १५५७ सालच्या आपल्या संवादात्मक ग्रंथात असे मत मांडतो की, रंगविण्याची कला म्हणजे सुंदर निळे आणि सुंदर लाल वापरणे नव्हे. ते रंग कामाला लावण्यापूर्वीही सुंदरच असतात. रंगांची हाताळणी हीच खरी कला. रंगाच्या बाजूने केलेला हा युक्तिवाद आहे, आणि तो रंगद्रव्याचा अधिक्षेप करून केला आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. रंगाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर प्रथम त्याची दुकानातील किंमत नाकारावी लागे.

विरोधी पक्षाने नेमके हेच मर्म पकडले. फ्लॉरेन्सच्या व्हसारीने आपल्या चरित्रग्रंथाच्या १५६८ सालच्या आवृत्तीत मायकेलअँजेलोच्या तोंडी टिशियनच्या रंगांची स्तुती आणि रेखांकनाच्या उणिवेची खंत एकत्र घातली. फ्रान्सच्या राजकीय अकादमीत १६७१-७२ साली रंग श्रेष्ठ की रेखांकन श्रेष्ठ यावर जो वाद झाला, त्यात शार्ल ल ब्रं याने रेखांकन बुद्धीवर अवलंबून असते, रंग मात्र द्रव्यावर, म्हणून रंग कनिष्ठ, असे प्रतिपादन केले. रंगामुळेच चित्रकार चित्रकार ठरत असेल तर रंग खलणाऱ्या नोकरालाही चित्रकाराच्या पंक्तीस बसवावे लागेल, असाही मुद्दा त्याने केला.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रेखांकनाचा कैवार घेताना ल ब्रं सामाजिक उतरंडीचा कैवार घेत होता. चित्रकाराला कारागिरांच्या संघातून बाहेर काढून विद्वानांच्या बरोबरीने बसवण्यासाठी अकादमीची स्थापना झाली होती. हाताला लागणारा रंग त्याला पुन्हा खलबत्त्याकडे, दुकानाकडे, नोकराकडे ओढत होता. रंग 'भौतिक' आणि रेषा 'बौद्धिक' ही विभागणी सौंदर्यशास्त्रीय दिसते. तिच्या मुळाशी श्रमाची विभागणी आहे. एकोणिसाव्या शतकात शार्ल ब्लां याने १८६७ साली रेखांकनाला पुरुष आणि रंगाला स्त्री ठरवले, तेव्हा याच उतरंडीला लिंगभेदाची भाषा मिळाली.

रंगाच्या बाजूने रोजे द पील याने १७०८ साली दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. त्याने चित्रकारांना रचना, रेखांकन, रंग व अभिव्यक्ती या चार सदरांत गुण देणारे कोष्टक तयार केले. रंगात टिशियनला १८, राफाएलला १२ आणि मायकेलअँजेलोला अवघे ४ गुण मिळाले. एकेकाळी औंसाला दोन किंवा चार फ्लोरिन असा लिहिला जाणारा आकडा येथे पुन्हा आकड्याच्याच रूपात आला आहे. फक्त तो आता रंगद्रव्याचा नसून रंगकर्त्याचा आहे. द्रव्याची किंमत व्यक्तीच्या गुणवत्तेत रूपांतरित होण्याची प्रक्रिया या कोष्टकात पुरी झालेली दिसते.

५

हे झाले सिद्धान्ताचे. प्रत्यक्ष चित्रात काय घडत होते याचा विचार योहानेस व्हर्मीरच्या आधारे करता येईल, कारण त्याच्या चित्रांची द्रव्यदृष्ट्या झालेली तपासणी विपुल आहे. हेर्मान क्यून यांचा त्याच्या रंगद्रव्यांवरील अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरही असे संशोधन सुरू राहिले. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये बहुतेक चित्रकार निळ्यासाठी स्वस्त पर्याय वापरत असता व्हर्मीर अस्सल अल्ट्रामरीन सढळ हाताने वापरतो. 'दूध ओतणारी' या चित्रातील मोलकरणीच्या कमरेचे वस्त्र याच निळ्याचे आहे. मेरीच्या पायघोळ वस्त्रासाठी राखलेले द्रव्य येथे स्वयंपाकघरात आले आहे. स्तार्निनाच्या कराराच्या व्याकरणात हे वाक्य अशुद्ध ठरले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ब्राउन्श्वाइग येथील संग्रहालयात 'मद्याचा पेला घेतलेली तरुणी' (सुमारे १६५९-६०) हे त्याचे चित्र आहे. त्यातील तरुणीचा पोशाख लाल साटीनचा आहे. त्या लालाच्या छायांकित भागांखाली व्हर्मीरने अस्सल अल्ट्रामरीनचा थर दिल्याचे तपासणीत आढळले. वरच्या हिंगुळी लालाला त्यामुळे किंचित जांभळट, थंड छटा येते आणि कापडाच्या घड्या धारदार भासतात. आपण पाहिलेली रूढ पद्धत येथे उलटी झाली आहे. ॲझुराइट खाली आणि अल्ट्रामरीन वर, या वाटणीत महाग द्रव्य दिसावे अशी योजना होती. व्हर्मीरने महाग द्रव्य खाली घातले आणि वरून लालाने झाकले. विकत घेणाऱ्याला निळा दिसणार नव्हता; त्याला दिसणार होती ती लालाची एक विशिष्ट थंडी.

या उदाहरणापुढे दोन प्रभावी उपपत्ती अपुऱ्या पडतात. जॉन बर्जर यांनी 'वेज ऑफ सीइंग' (१९७२) मध्ये तैलचित्राचे नाते मालमत्तेशी जोडले. वस्तूंचा पोत, वजन, चकाकी हुबेहूब दाखवून तैलचित्र मालकीच्या सुखाला दृश्य रूप देते, हे त्यांचे म्हणणे व्हर्मीरच्या साटीनलाही एका मर्यादेपर्यंत लागू पडते. साटीन ही मिरवण्याची वस्तू खरीच. परंतु लालाखालच्या निळ्यात मिरवणूक नाही. तेथे किंमत मोजली आहे आणि ती दाखवलेली नाही. उलटपक्षी, रंग म्हणजे शुद्ध संवेदन मानणारी उपपत्ती त्या थंड लालाचे, म्हणजे लाल व निळा यांच्या विरोधातून साधलेल्या समतोलाचे वर्णन उत्तम करील. पण तो समतोल साधण्यासाठी चित्रकाराने स्वस्त निळा का वापरला नाही, आणि त्या निवडीची त्याला काय किंमत द्यावी लागली, हे प्रश्न तिच्या कक्षेत येतच नाहीत.

किंमत खरीच होती. व्हर्मीरला संपन्न सासूचा आधार होता आणि डेल्फ्टमधील व्हॅन राउव्हेन दांपत्याने त्याची बरीच चित्रे घेतली. १६७२ सालच्या युद्धाने हॉलंडमधील चित्रांचा बाजार मोडला, तो कर्जात बुडाला आणि डिसेंबर १६७५ मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात त्याच्या विधवेने हेंड्रिक व्हॅन बाउटेन या पाववाल्याला ६१७ गिल्डरच्या देण्यापोटी दोन चित्रे दिली. शेवटच्या वर्षांतील चित्रांतही अल्ट्रामरीन आढळतो. हे केवळ आश्रयदात्याच्या पैशाने सुचवलेले औदार्य नव्हते. रंगाची किंमत चित्राच्या दृश्य परिणामाच्या स्वाधीन करण्याची ती सवय होती, आणि ती परिस्थिती फिरल्यावरही सुटली नाही.

हेग येथील 'मोत्याचा डूल घातलेली मुलगी' या चित्राच्या २०१८ साली झालेल्या तपासणीतून आणखी एक गोष्ट हाती आली. आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पडद्याची होती. तो हिरवा नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा यांच्या पारदर्शी लेपातून केलेला होता, आणि काळाच्या ओघात तो उडून गेला. डोक्याच्या फडक्यातील अल्ट्रामरीन मात्र आजही निळा आहे. वनस्पतिजन्य रंग विरले, खनिज टिकले. आज आपण त्या मुलीचा चेहरा अथांग काळोखातून उजळताना पाहतो आणि त्या रचनेतील विरोधाची प्रशंसा करतो. त्या विरोधाचा काही भाग चित्रकाराचा आहे आणि काही भाग द्रव्यांच्या असमान टिकाऊपणाचा. शुद्ध संवेदनेतही इतिहास असा शिरतो.

६

या प्रवासाचा अखेरचा टप्पा प्रयोगशाळेत घडला. फ्रान्समधील राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी १८२४ साली ६००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले आणि ते १८२८ साली झां-बातिस्त गिमे याला मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून आता तोच निळा भट्टीतून निघू लागला. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंगासाठी कथलाची दाबून रिकामी करता येणारी नळी तयार केली. ल ब्रंच्या युक्तिवादातील खलणारा नोकर चित्रशाळेतून कारखान्यात गेला आणि चित्रकाराच्या दृष्टीआड झाला. नळीतून निघणाऱ्या निळ्याला डोंगर नाही, बंदर नाही, मळण्याचे श्रम नाहीत. तो निघतो तो केवळ निळा म्हणून.

महाराष्ट्रातील वाचकाला या निळ्याची ओळख अन्य मार्गाने झालेली आहे. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी घरोघरी वापरली गेलेली भुकटीची नीळ म्हणजे बहुधा हाच कृत्रिम अल्ट्रामरीन. वनस्पतीपासून निघणाऱ्या निळीचे नाव त्याने घेतले, आणि मेरीच्या वस्त्राचे द्रव्य धोतराच्या शुभ्रतेसाठी पाण्यात विरघळल्यासारखे पसरू लागले. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडे तैलचित्रणाचे संस्थात्मक शिक्षण सुरू झाले ते या दोन शोधांनंतर. अल्ट्रामरीनची किंमत करारात लिहावी लागण्याचा काळ आपल्या तैलचित्रणाने पाहिलाच नाही. या परंपरेला माध्यम मिळाले ते किमतीची स्मृती पुसल्यानंतरचे.

ही स्मृती पुसली तरी तिच्यामागची वृत्ती पुसली जात नाही, याचा पुरावाही येथेच मिळतो. रविवर्म्याने तैलचित्रात शालूची जर आल्बेर्तीच्या उपदेशाप्रमाणे रंगानेच साधली. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर त्याच्या देवदेवता घरोघरी पोहोचल्या, तेव्हा काही घरांतून त्या छापील चित्रांवर खरी जर, टिकल्या आणि कापड चिकटवले गेले. आल्बेर्तीने चित्रातून बाहेर काढलेले सोने भक्ताच्या हाताने पुन्हा आत आले. या कृतीला अभिरुचीहीन म्हणणे सोपे आहे. पण देवतेचे मूल्य द्रव्यातून दिसावे या अपेक्षेत आणि स्तार्निनाच्या दोन फ्लोरिनच्या निळ्यात तत्त्वतः फरक नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कलाकृतीची उत्पत्ती आणि तिचे मूल्य या भिन्न गोष्टी आहेत; रंग कोठून आला, किती पैसे पडले, हा उत्पत्तीचा इतिहास आहे, सौंदर्याशी त्याचा संबंध नाही, असे मर्ढेकरपंथीय समीक्षक म्हणेल. तैलचित्राने स्वतःच ही भिन्नता साधली, हे वर पाहिले आहे, आणि त्या अर्थाने आक्षेप खरा आहे. परंतु तो सर्वकाळी खरा नाही. १४०८ साली द्रव्याची किंमत हाच चित्राच्या अर्थाचा एक भाग होता. तो वगळून मेरीच्या निळ्याचे वाचन केले तर चित्रच अर्धे उरते. व्हर्मीरच्या लालाखाली किंमत अर्थातून निवृत्त होऊन परिणामात विलीन झाली आहे. हे दोन वेगळे संबंध आहेत आणि दुसरा पहिल्याशिवाय संभवत नाही. कारण ज्याला कधी दिखाऊ किंमत नव्हती त्याचे झाकणे ही कृतीच ठरत नाही. संवेदनेची स्वायत्तता त्यामुळे खोटी ठरत नाही. ती मिळवलेली आहे एवढेच सिद्ध होते, आणि जे मिळवलेले असते ते कोणाच्या श्रमाने, कोणाला दृष्टीआड करून मिळवले हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही.

साहित्यविचारात हा प्रश्न शब्दासंबंधी विचारावयास हवा. शब्दालाही प्रती असतात. संस्कृत तत्सम शब्द, फारसी दरबारी शब्द, बोलीतला शब्द यांची एकेकाळी स्वतंत्र किंमत होती, आणि कोणत्या पात्राच्या तोंडी कोणता शब्द घालायचा हे स्तार्निनाच्या करारातील दोन दरांसारखेच ठरलेले असे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले आणि दासी प्राकृत. आधुनिक कवी हे सारे शब्द एकाच नळीतून आल्यासारखे वापरतो आणि आपण त्याच्या कवितेतील लयीचे विश्लेषण करतो. ते विश्लेषण आवश्यक आहे. मात्र एखाद्या ओळीत बोलीच्या शब्दाखाली तत्सम शब्दाचा थर आहे का, तो कोणी कोठून आणला, आणि कवीने तो दाखवला आहे की झाकला आहे, हे पाहिल्याशिवाय त्या ओळीचा रंग आपल्याला दिसला असे म्हणता येणार नाही.